तळघराचं दार कोणी नेलं?

एक : चौकट

दार चोरीला गेलं होतं. दाराची किल्ली नव्हे, कुलूप नव्हे, दाराबाहेरचे जोडेही नव्हेत. दार.

विहीणबाई लेकीबरोबर बाजारातून परतल्या तेव्हा लेकीनं आग विझवायचं लालभडक नळकांडं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिथेच खिळली. ओट्याच्या पलीकडे, तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी, सकाळच्या चहापर्यंत एक जाडजूड पांढरं दार होतं. आगीला दाद न देणारं, उघडलं की आपलं आपण बंद होणारं. आता तिथे नुसतं भोक होतं. दार ओढून घेणारा लोखंडी हात चौकटीवरून खांदा निखळल्यासारखा लोंबत होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर घरचा बोका, नाव टपाल, एका चकचकीत स्क्रूला पंजानं इकडून तिकडे ढकलत बसला होता.

"आई, दार कुठाय?"

"मला काय विचारतेस? मी तर तुझ्याबरोबर होते."

"अगं, पण दार कुठाय!"

लेकीला ओरडायचं कारण होतं. या घराच्या तळघरात तिचे चुलतसासरे राहत होते. तळघरात माणूस राहणार असेल तर ते आगीपासून सुरक्षित करा, अशी नगरपालिकेची नोटीस आली आणि लेकीनं वर्षभर कंबर कसली. खालच्या छताला आग अडवणारे तक्ते ठोकले. खोल्याखोल्यांतून धुराचे भोंगे लावले, एक बोंबलला की सगळे बोंबलणारे. खिडकी मोठी करून घेतली, वेळ आली तर काकांना अंगणात निघता यावं म्हणून. आणि शेवटी हे दार. खाली आग लागली तर माणसं बाहेर पडेपर्यंत ती वर येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम.

तपासणी सोमवारी किंवा मंगळवारी होईल, असं कळवलं होतं. काल, सोमवारी, कुणी फिरकलं नाही. आज बाजारात फोन आला, दुपारी येतो. याआधी दोनदा तपासणीत नापास झालेलं घर. या खेपेला एक जरी वस्तू कमी निघाली तर तळघर रिकामं करायचं. काकांनी मग जायचं मुलाकडे. मुलगा राहतो परक्या शहरात, एका टोलेजंग इमारतीच्या पार वरच्या मजल्यावर, आणि काकांना तर स्टुलावर चढलं तरी गरगरतं.

"तपासणी आज आहे हे दोघा म्हाताऱ्यांना चकार शब्दानं सांगायचं नाही," लेकीनं दटावलं. "बाबांचं रक्तदाबाचं आहे, काकांचं काळजाचं. आणि आई, हात जोडते, ही माझी सासरची माणसं आहेत. चौकशी करू नकोस."

"छे गं," म्हणत विहीणबाईंनी बोक्याच्या पंजाखालचा स्क्रू उचलला आणि पर्समध्ये टाकला.


दोन : चौकशी नव्हे, चहा

विहीणबाईंची हयात विमा कंपनीच्या जळीत खात्यात गेली होती. दुकान जळालं, की कुणी जाळलं, हे ठरवायचं. ऑफिसात त्यांना राखबाई म्हणत. ढिगाऱ्यात चपलेच्या टोकानं थोडं उकरून त्या सांगत, "मालक, आग लागायच्या आधी पंखा का काढून ठेवलात?" आणि मालक खुर्ची शोधू लागे.

निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. गेल्या वर्षात उकललेलं सगळ्यात मोठं रहस्य म्हणजे शेजारणीच्या लोणच्याची हरवलेली बरणी.

त्यामुळे जेवणाच्या टेबलाशी बसताना त्यांचा चेहरा जितका दुःखी दिसायला हवा होता तितका दिसत नव्हता.

"बघ," लेक डोळे पुसत म्हणाली, "तू आलीस म्हणून यांनी ठेवणीतला टेबलक्लॉथ अंथरलाय. एरवी हे कधी काही करतात का? आणि आजच…"

टेबलक्लॉथ खरंच देखणा होता. भरतकामाचा, जमिनीला टेकणारा. विहीणबाईंनी उजव्या हाताला कप ठेवला. कप कलंडला. कापडावर तपकिरी तळं झालं.

"वय झालं माझं," त्या म्हणाल्या. खुर्चीही आज बुटकी वाटत होती. काल कोपर टेबलावर आरामात टेकत होतं. आज ते उचलून ठेवावं लागत होतं.

जळीत खात्याचा पहिला नियम : आग कुठे लागली ते नंतर बघ, आधी खोलीत काय बदललं ते बघ. पण हा नियम त्यांना दुसऱ्यांच्या घरी आठवे. पाहुणी म्हणून गेल्यावर बाई जरा विसरतेच.


तीन : जावई, सुतार आणि वरचे

जावई न्हाणीघरातून निघाले. केसांतून पाणी निथळत होतं, कानात साबण होता.

"आई, मी काहीच ऐकलं नाही. मी गात होतो."

"ते सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. तुमच्या व्यायामाच्या सायकलला जागा पुरत नाही म्हणे?"

जावयाचे कान साबणासकट लाल झाले. "हिनं सांगितलं? अहो, मी एकदाच म्हटलं होतं, की पुढेमागे तळघर रिकामं झालं तर… म्हणजे काकांच्या पश्चात… म्हणजे देव करो आणि…"

"बसा, बसा. चहा घ्या."

"जपून हं. तुम्ही आलात म्हणून हिनं ठेवणीतला टेबलक्लॉथ काढलाय."

विहीणबाईंचा कप हवेतच थांबला. लेक म्हणते जावयानं अंथरला. जावई म्हणतात लेकीनं. त्यांनी कप खाली ठेवला, उजव्या हाताला. कप पुन्हा कलंडला. नेमका त्याच जागी.

तेवढ्यात सुतार आला. लेकीनं त्याला फोनवर इतकं सुनावलं होतं की तो चपला न काढताच आत आला आणि मग पुन्हा बाहेर जाऊन काढून आला. कमरेला रुंद पट्टा आवळला होता.

"ताई, मी सकाळी आलो होतो, खरंय. दार उघडायला जरा जड जात होतं, तो लोखंडी हात सैल करायचा होता. घंटी वाजवली, साहेब गात होते. मग आजोबांनी दार उघडलं. पाच मिनिटांचं काम. मी गेलो तेव्हा तुमचं दार जाग्यावर होतं, आईशप्पथ."

"तूच नेलं असशील."

"मी? पाठ धरलीय माझी, पोराचं दप्तर उचलवत नाही. आणि ते दार काय पापड आहे का? बसवताना दोन माणसं लागली, दुसरा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आलाच नाही."

"रंगाचा एखादा हात राहिला होता का?" विहीणबाईंनी सहज विचारलं.

"रंग? फॅक्टरीतूनच येतो रंग. का हो?"

"काही नाही. तुम्ही चहा घ्या."

चहा पिऊन सुतार गेला, मग आले वरचे. म्हणजे लेकीचे सासरे. घरात दोन म्हातारे भाऊ. थोरले वर राहत म्हणून ते वरचे, आणि धाकटे तळघरात म्हणून ते खालचे. दोघांचं एकमेकांशी बोलणं केव्हाच बंद झालं होतं. कारण एक थर्मास. तो कुणी फोडला यावर एकमत झालं नव्हतं.

पण बोलणं बंद म्हणजे गप्प बसणं, असं नव्हे. वरचे जिन्याच्या तोंडाशी उभे राहून बोक्याला म्हणत, "टपाल, सांग त्याला, रेडिओ बारीक कर." खालून आवाज येई, "टपाल, सांग त्याला, कान बारीक कर." मधल्या पायरीवर बसलेला बोका दोन्हीकडे मान वळवायचा. हे सकाळपासून दिवे लागेपर्यंत चाले.

"व्याहीबुवा, दार गेलं म्हणे," विहीणबाई मधाळ आवाजात म्हणाल्या. सासरच्या माणसांसाठी राखून ठेवलेला आवाज होता तो.

"हो का?" वरचे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सुतारानं नेलं असेल. रंगाचा एक हात राहिला होता."

"तुम्ही कुठे होता?"

"खुर्चीत. डोळा लागला होता."

"खिशात जड काहीतरी दिसतंय."

वरच्यांच्या स्वेटरचा उजवा खिसा गुडघ्याकडे निघाला होता. त्यांनी त्यावर हात ठेवला. "चष्म्याचं घर."

चष्मा नाकावर होता. घर एवढं जड, तर चष्मा केवढा असेल, असं विहीणबाई मनात म्हणाल्या. आणि दोन माणसांनाच उचलता येणारं दार एकट्या म्हाताऱ्यानं नेलं कसं, असंही.


चार

(हे प्रकरण जागेवर नाही. चौकट तेवढी आहे. वाचकांनी गडबडून जाऊ नये; सापडेल, घरातच आहे.)


पाच : खालचे

विहीणबाई घरातल्या मऊ सपाता घालून जिना उतरल्या. गुडघे प्रत्येक पायरीला आपलं मत देत होते.

तळघर लख्ख होतं. पलंग, रेडिओ, एक उंच खुर्ची, आणि खुर्चीसमोर ती नवी मोठी खिडकी. खिडकीचा खालचा काठ अंगणाच्या फरशीला लागून, त्यामुळे बाहेरचं जग घोट्यांपर्यंतच दिसे. काठावर काकांनी जरबेराच्या कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. आग लागली तर आधी कुंड्या निघणार आणि मग काका, हे विहीणबाईंनी मनात टिपून ठेवलं.

"या, विहीणबाई! लग्नात पाहिलं होतं तुम्हाला." खालचे हसले. "चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. इथे बसून चेहरे दिसतात कुणाचे? पायताणं दिसतात. दूधवाल्याची चप्पल डावीकडे झिजलीय. सूनबाईची टाच वाजली की समजावं, ऑफिसात भांडण झालं. विचारा कुणाचंही."

"सकाळी काय काय दिसलं?"

"सुताराच्या चपला आल्या, चपला गेल्या. एवढंच. आणि ऐकलं म्हणाल तर हा," त्यांनी भिंतीतून उतरणाऱ्या जाड नळाकडे बोट दाखवलं, "न्हाणीघराचा नळ. पुतण्याची आंघोळ म्हणजे धबधबा. तुम्ही दोघी घरी येईतो गुरगुरत होता."

म्हणजे जावई सुटले. गाणं बाहेरून ऐकू आलं, पाणी आतून ऐकू आलं.

"दार गेलं ते कळलं ना?"

"दार?" काका कुंडीतलं पान खुडत म्हणाले. "सुतारानं नेलं असेल. रंगाचा एक हात राहिला होता."

विहीणबाईंच्या पाठीतून जळीत खात्यातली जुनी ओळखीची शिरशिरी गेली.

"काका, काळजी नाही वाटत तुम्हाला?"

"कसली काळजी? तपासणीचं लचांड मिटलं एकदाचं. सूनबाईनं जिवाचं रान केलं हो, या म्हाताऱ्यासाठी." ते डोळे मिटून म्हणाले, "मला जमिनीखालीच झोप लागते. वर नेऊन ठेवलं असतं ना मला, तर मी महिनाभरात खालीच आलो असतो. कायमचा."

मिटलं? भाबडा आहे बिचारा, विहीणबाईंना वाटलं. लेकीनं बजावलं होतं म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती.


सहा : बुटांची साक्ष

अंगण उरलं होतं. गॅरेज, शिडीमागची जागा, कचऱ्याचे डबे. विहीणबाईंनी सपाता काढल्या आणि आपले बूट चढवले. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी दिलेले, तपकिरी, जाड तळव्याचे, लेस बांधायचे. लेक म्हणायची, "आई, या बुटांत तू जप्तीला आल्यासारखी दिसतेस." म्हणून सकाळी बाजाराला त्या साध्या चपला घालून गेल्या होत्या.

त्या घराला वळसा घालत तळघराच्या खिडकीवरून गेल्या. खट्, खट्, खट्.

आतून खालच्यांचा आवाज आला. घाबरलेला.

"टपाल! पळ, वर जाऊन सांग त्याला! तपासनीसबाई परत आल्या! कालचेच तपकिरी बूट!"

विहीणबाईंनी झर्रकन मागे वळून पाहिलं. अंगणात तपासनीसबाई नव्हत्या. फाटकाशी नव्हत्या. रस्त्यावरही नव्हत्या.

मग त्यांनी सावकाश खाली पाहिलं.


सात

अरे देवा.


चार (सापडलं)

काल, सोमवारी, विहीणबाई आल्या त्या सामान ठेवायच्याही आधी थेट स्वयंपाकघरात. लेक आणि जावई गाडीतून बॅगा काढत होते. वरचे न्हाव्याकडे गेले होते. आणि समोर ते दार.

हयातभर जळालेली दारं पाहिलेल्या बाईला न जळालेलं दार दिसलं की हात शिवशिवतात. त्यांनी दारावर टकटक केली. उघडलं, सोडलं, ते धिम्या गतीनं येऊन खट्कन बसलं. चौकटीच्या फटीतून बोट फिरवलं. पुन्हा उघडून, दोन पायऱ्या उतरून, वरचा भोंगा दाबला; घरभर किंकाळ्या उठल्या. जिन्यात उभ्या राहून, ऑफिसातल्या खणखणीत आवाजात, स्वतःशीच पण साऱ्या आळीला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "दार उत्तम. भोंगे उत्तम. पास! आता कुणाला काही बघायची गरज नाही."

खालून खालच्यांना जिन्याचा वरचा भाग दिसे. म्हणजे दोन पायऱ्या आणि एक बुटांची जोडी. तपकिरी, जाड, लेसवाले. सरकारी.

आज सकाळी दोघी बाजारात गेल्या. जावई गात होते. सुतारानं दाराचा लोखंडी हात सैल केला, निघून गेला. वरच्यांनी ते उघडून पायानं अडवून धरलं, नेहमीसारखं. हे दार बसल्यापासून घरात एक विचित्र गोष्ट झाली होती. भांडण बंद पडलं होतं. जाड दारातून काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं. वरच्यांनी फटीत वीट ठेवून पाहिली, सूनबाईनं ती उचलली आणि म्हणाली, "बाबा, अडवलेलं दार म्हणजे नसलेलं दार." त्यांनी खुर्ची लावून पाहिली, उशी लावून पाहिली. सूनबाईनं सगळं काढलं. टपाल एका बाजूला अडकून दिवसदिवस म्याव करत बसे. वरचे जेवताना मध्येच थांबून ऐकत, आणि खालून काहीच येत नसे.

तर वरचे पाय अडवून म्हणाले, "टपाल, विचार त्याला, तपासणीचं काय झालं."

"टपाल, सांग त्याला, बाई काल येऊन गेली. दार पास. आता कुणाला काही बघायची गरज नाही, असं म्हणाली."

वरच्यांनी दार वरपासून खालपर्यंत पाहिलं. बोक्यानंसुद्धा.

"टपाल," वरचे शेवटी म्हणाले, "विचार त्याला, त्याच्याकडे स्क्रू पिळायचा मोठा पिळणा आहे का."

खालचे पिळणा घेऊन जिना चढून आले. किती वर्षांनी. एकानं वरच्या बिजागरीचे स्क्रू काढले, दुसऱ्यानं खालच्या. बोलले बोक्याशीच. "टपाल, सांग त्याला, आपल्या बाजूनं धर." दार उतरलं तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, की हे लांब नेणं काही आपल्याच्यानं व्हायचं नाही.

सगळ्यात जवळ काय होतं?


आठ : राखबाई

"सगळे या," विहीणबाई म्हणाल्या. "टेबलाशी बसा."

बूट काढले नव्हते. सगळे बसले. खालच्यांनाही वर बोलावलं होतं. ते टेबलाच्या एका टोकाला, वरचे दुसऱ्या टोकाला, दोघेही मध्ये बसलेल्या टपालकडे बघत.

"दार एकट्याला उचलत नाही. म्हणजे चोर दोन. सुतार गेला तेव्हा दार होतं. जावई पाण्याखाली होते. मी आणि लेक बाजारात. राहिलं कोण?"

"आई!" लेक म्हणाली. "बाबा आणि काका एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत!"

"उचलायला बोलावं कुठे लागतं? पण खोटं सांगायला लागतं. दोघांनी मला एकच वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द. सुतारानं नेलं असेल, रंगाचा एक हात राहिला होता. न बोलणाऱ्या माणसांचं एवढं एकमत कसं होतं, व्याहीबुवा?"

वरच्यांनी बोक्याकडे पाहिलं. "टपाल, सांग त्याला, मी म्हटलं होतं, दोघांनी वेगवेगळं सांगू."

"टपाल, सांग त्याला, म्हटलं नव्हतं."

"आता हा टेबलक्लॉथ. तुला वाटलं यांनी अंथरला, यांना वाटलं तू. आणि माझा कप. एकाच जागी दोनदा कलंडतो. आणि कोपर." विहीणबाई उभ्या राहिल्या. त्यांना एवढी मजा निवृत्तीच्या निरोपसमारंभातही आली नव्हती. "व्याहीबुवा, खिशातलं चष्म्याचं घर जरा दाखवा."

वरच्यांनी खिशातून दाराची मूठ काढून टेबलावर ठेवली. मागोमाग मूठभर स्क्रू.

विहीणबाईंनी टेबलक्लॉथ ओढला.

टेबलावर दार आडवं पसरलं होतं. कडेला मुठीचं भोक, जिथे दोनदा कप बसवायचा प्रयत्न झाला होता. भोकाशेजारी चहाचा गोल तपकिरी डाग.

"आपण त्याच्यावरच चहा पीत होतो?" जावई म्हणाले.

"का पण?" लेक रडकुंडीला आली. "बाबा, तुम्हाला काका नकोसे झालेत का? आज दार नसेल तर त्यांना जावं लागेल! तपासणी आज आहे! आत्ता! दुपारी!"

दोघा भावांचे चेहरे एकदमच पांढरे पडले.

"आज?" खालचे म्हणाले. "अगं, काल झाली ना. बाई आली होती. बूट पाहिले मी. म्हणाली, पास."

आता लेकीनं बुटांकडे पाहिलं. मग जावयांनी. मग वरच्यांनी. शेवटी बोक्यानंही.

विहीणबाईंना वाटलं, राखेत अजून थोडं उकरल्यासारखं करावं आणि विषय दुसरीकडे न्यावा. हयातभर त्यांनी माणसांना याच खुर्चीत बसवलं होतं. खुर्ची आज खरंच बुटकी होती.

"मी म्हणाले," त्या म्हणाल्या. "मीच. कुणी विचारलं नव्हतं तरी. काकांना वाटलं मी सरकारी आहे. त्यांची चूक नाही, माझा आवाजच तसा आहे. दार यांनी उतरवलं, पण उतरवायला लावलं मी."

लेकीनं बुटांवरून नजर उचलली. ती हसेल की फुटेल हे तिलाही ठरवता येत नव्हतं.

फाटक वाजलं.


नऊ : वर घे

"जावईबापू," विहीणबाई म्हणाल्या, "अंगणात जा आणि त्यांना दार सोडून बाकी सगळं दाखवा. बाहेरून. सावकाश. गाऊन दाखवायची वेळ आली तर गा."

जावई धावले. लेकीनं खालच्या खिडकीतल्या कुंड्या काढायला जिन्यात धाव घेतली. वरचे आणि खालचे दाराच्या दोन टोकांशी उभे राहिले. उचललं. चौकटीपाशी नेलं. वरची बिजागरी जुळली, तर खालची जुळेना.

"टपाल, सांग त्याला, वर घे."

टपाल कपाटाखाली गेला होता. भोंग्यांच्या किंकाळ्यांनी कालच त्याचे कान किटवले होते. आज आरडाओरडा व्हायच्या आतच तो निघून गेला.

"टपाल!" वरचे घामाघूम होऊन ओरडले. "सांग त्याला…"

दार घसरू लागलं.

"वर घे रे!"

"घेतोय की!" खालचे ओरडले. "तू आपल्या बाजूनं धर ना नीट! थर्मास धरल्यासारखं काय धरतोस!"

"थर्मास तू फोडलास!"

"तू फोडलास! टोपण घट्ट लावलं नव्हतंस!"

"टोपणाचा काय संबंध? हातातून तुझ्या पडला!"

"तूच दिलास ना हातात! गरम!"

स्क्रू आत जात होते. भांडण अगदी तोंडाला तोंड लागून चाललं होतं, आणि इतकं झकास, की विहीणबाई पिळणा फिरवता फिरवता ऐकतच राहिल्या. शेवटच्या बिजागरीला एक स्क्रू कमी पडला. वरचे खिसे चाचपू लागले. विहीणबाईंनी पर्समधून काढून पुढे केला.

लोखंडी हात जोडला, मूठ बसली, दार सोडलं. धिम्या गतीनं येऊन ते खट्कन बसलं.

तेवढ्यात तपासनीस आत आला. तरुण, किरकोळ, पायात खेळाचे पांढरे बूट. खालच्यांनी ते बघून नाक मुरडलं. "हे तपासनीस? असल्या बुटांत?"

तपासनीसानं दार उघडलं, सोडलं, फटीतून बोट फिरवलं. भोंगा दाबला, घरभर किंकाळ्या उठल्या. खाली जाऊन खिडकी उघडून पाहिली. काठ मोकळा होता. जरबेरा अंगणात उभा होता. वर येऊन तो पुन्हा दाराशी थांबला. वाकला.

"हे काय आहे? चहाचा डाग? उभ्या दारावर? गोल?"

लेकीनं आईकडे पाहिलं.

"उष्णता सोसतं का ते पाहिलं," विहीणबाई गंभीरपणे म्हणाल्या. "सोसलं."

तपासनीसानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बुटांकडे. काय वाटलं कुणास ठाऊक, आवाज आपोआप आदबशीर झाला. "मॅडम, तुम्हीही खात्यातल्याच का?"

विहीणबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी पाहुणी."

"मग पास," तपासनीस म्हणाला. "हे दार अडवायचं नाही, वीट लावायची नाही, काढायचं तर नाहीच. एवढं पाळा."

तो गेल्यावर लेक खुर्चीत कोसळली आणि हसायला लागली, आणि मग जावईही. खालचे गुपचूप जिना उतरून गेले. दार त्यांच्यामागे बंद झालं. स्वयंपाकघर एकदम गप्प झालं.

वरचे दारासमोर उभे राहिले. तोंड उघडलं. बोका शोधला, तो दारापाशी येऊन बसला होता, कामाची वाट बघत. वरच्यांनी त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. वीट नाही, खुर्ची नाही, उशी नाही. असल्या दाराशी माणसाला या बाजूला तरी राहावं लागतं, नाहीतर त्या.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या टोपणाचा काय संबंध ते मला त्याला नीट समजावून सांगायला पाहिजे."

"सांगा ना, बाबा. आणि हो, ही घेऊन जा." लेकीनं चहाची किटली पुढे केली. "थर्मास नाहीये घरात."

वरचे किटली घेऊन जिना उतरू लागले. दार त्यांच्या पाठीमागे सावकाश येऊन खट्कन बसलं.

विहीणबाईंनी त्याला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. दार खरंच उत्तम होतं. पण या खेपेला त्या ते मोठ्यानं म्हणाल्या नाहीत.

टपालनं दारावर एकदा पंजा मारून पाहिला. कुणी हाक मारली नाही, कुणी निरोप दिला नाही. तो थोडा वेळ वाट बघत बसला. मग उडी मारून आता पुन्हा पहिल्यासारख्या ठेंगण्या झालेल्या टेबलावर चढला आणि नोकरी गेलेल्या माणसासारखा भरदुपारी आडवा झाला.